वही, साखळी आणि फेरफार

जिंतूरच्या बाजारपेठेत एकेकाळी दोन रुपये चालत, आणि ते एकमेकांच्या बरोबरीचे नव्हते. निजाम सरकारच्या टांकसाळीतून आलेला तो हाली आणि इंग्रजांच्या टांकसाळीतून आलेला तो कलदार. शंभर कलदारांस एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली मोजावे लागत, म्हणजे सहांस सात असा सरळ हिशेब, आणि मोंढ्यात कापसाचा भाव ठरला तरी तो कोणत्या रुपयात ठरला हे विचारल्याशिवाय शहाणा माणूस उठत नसे. १९१८ साली, महायुद्धामुळे चांदीची टंचाई झाली असता, हैदराबाद दरबाराने आपल्या कागदी नोटाही काढल्या आणि त्यांवर उर्दूच्या जोडीला मराठी, तेलुगू आणि कानडी या रयतेच्या भाषांतूनही रक्कम छापली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य गेले, आणि पाठोपाठ थोड्याच वर्षांत त्याचे नाणेही गेले. ज्या मुलखाने एक आख्खे चलन आपल्या हयातीत निकालात निघालेले पाहिले, त्या मुलखातील माणसास 'ज्याच्यामागे कोणताच दरबार नाही असे नाणे' ही कल्पना इतरांपेक्षा अधिक मोहक वाटावी, किंवा अधिक भयप्रद वाटावी, हे दोन्ही स्वाभाविक आहे.

ती कल्पना ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो हे नाव धारण करणाऱ्या, आणि अद्यापि निश्चित ओळख न पटलेल्या, कोणा व्यक्तीने अवघ्या नऊ पानांत मांडली. अमेरिकेतील मोठमोठ्या पेढ्या त्याच सुमारास कोसळत होत्या आणि सरकारे त्यांना जनतेच्या पैशाने सावरत होती. तीतून जन्मलेल्या बिटकॉइनच्या व्यवहारांच्या पहिल्या गठ्ठ्यात, ३ जानेवारी २००९ रोजी, लंडनच्या एका दैनिकाचा त्याच विषयावरील मथळा कोरून ठेवलेला आहे. नाण्यांची संख्या दोन कोटी दहा लाखांवर जाऊ नये असा बांध आरंभीच घातला गेला. व्यवहारांची वही एका पेढीत न ठेवता हजारो यंत्रांवर एकसमयावच्छेदेकरून ठेवायची, आणि प्रत्येक नव्या गठ्ठ्यात मागल्या गठ्ठ्याचा गणिती ठसा गुंफायचा, म्हणजे मागे कोठे एक स्वल्पविराम जरी हलवला तरी ठसा समूळ बदलतो आणि पुढील सारी साखळी त्या लबाडीची साक्ष देते, अशी ही योजना आहे. तीत बुद्धीचे जे वैभव आहे ते मान्य न करणे हा कृपणपणा होईल.

लोभाचा भाग मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात नवे काही नाही. 'गेनबिटकॉइन' नावाच्या योजनेने दरमहा दहा टक्के, तेही सलग अठरा महिने, असे वचन दिले आणि महाराष्ट्रातील सुशिक्षितांनी त्यावर विश्वास ठेवला. २०१८ साली पुणे पोलिसांनी तिच्या प्रवर्तकास अटक केली. पुढे, मार्च २०२२ मध्ये, त्या तपासात साहाय्य करण्यास बोलावलेल्या दोघा तज्ज्ञांनाच, जप्तीतील नाणी परस्पर वळवल्याच्या आरोपावरून त्याच पोलिसांनी पकडले. साखळी अभेद्य राहिली असेल. पण किल्ली अखेर कोणाच्या तरी हाती असते, आणि तो हात माणसाचा असतो.

मला अधिक विचारणीय वाटतो तो या चळवळीतील प्रामाणिक माणसांचा आपसांतील वाद. सराफ नको, कुळकर्णी नको, तलाठी नको, आज्ञावलीत जे लिहिले तोच कायदा, ही त्यांची श्रद्धा. २०१५ साली सुरू झालेल्या इथेरियम या साखळीवर पुढल्याच वर्षी 'द डाओ' नामक सामाईक निधी उभारण्यात आला. त्याचा कारभार पंचांवाचून, केवळ आज्ञावलीने चालावयाचा होता. १७ जून २०१६ रोजी कोणीतरी त्या आज्ञावलीतील एक छिद्र हेरून सुमारे ३६ लाख ईथर, म्हणजे त्या साखळीची नाणी, आपल्याकडे वळवले. आता चोरी म्हणावी तर कशाला? आज्ञावलीने जे करू दिले तेच त्याने केले होते, आणि आज्ञावली हाच कायदा असेल तर तो निर्दोष होता. महिनाभर कडाक्याचा वाद झाला. एक पक्ष म्हणे, डोळ्यांदेखत झालेली लूट पाहून स्वस्थ बसणे ही तत्त्वनिष्ठा नसून निर्दयता आहे. दुसरा म्हणे, आज चोराविरुद्ध वही फिरवाल तर उद्या सरकारच्या हुकमावरून सज्जनाविरुद्धही फिरवाल. कौल घेतला गेला, तोही माणसागणिक नव्हे, ज्याच्या गाठी जितके ईथर तितके त्याचे मत या रीतीने. वतनदारांच्या बैठकीची आठवण मला येथे झाल्यावाचून राहिली नाही. अखेर २० जुलै २०१६ रोजी ते पैसे मूळ मालकांस परत मिळतील अशी तजवीज साखळीतच करण्यात आली. ज्यांना हे रुचले नाही ते जुनीच साखळी पुढे चालवीत राहिले, आणि ती 'इथेरियम क्लासिक' या नावाने आजही चालू आहे.

या वादात मी कोणत्या पक्षाचा, असे कोणी पुसल्यास मी बहुमताचा. परंतु त्यांनी आपण काय केले हे कबूल करावयास हवे होते. त्यांनी फेरफाराचा अधिकार निर्माण केला, आणि तो वापरूनही तो कोणापाशी, कोणत्या कारणास्तव आणि कोणत्या अपिलाच्या अधीन राहील हे लिहून ठेवले नाही. आमच्या महसूल दप्तराची निंदा करणे हा मराठवाड्यातील आवडता उद्योग आहे, आणि त्यास कारणेही पुष्कळ आहेत; तथापि या एका बाबतीत ते दप्तर त्या तरुण गणितज्ञांहून प्रौढ आहे. हस्तलिखित सातबारा उघडून पाहा. जमीन बापाकडून लेकाकडे गेली तरी बापाचे नाव खोडले जात नाही. त्यास कंस होतो, खाली लेकाचे नाव चढते, आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक पडतो. तो क्रमांक धरून फेरफाराची वही उघडावी, म्हणजे नोंद कोणत्या कारणाने झाली, नोटीस कधी दिली, कोणी हरकत घेतली की नाही आणि मंडळ अधिकाऱ्याने काय शेरा मारून ती प्रमाणित केली, हे सारे ओळीने वाचता येते. हरकत आल्यास प्रकरण तक्रारीच्या नोंदवहीत जाते. निकाल पटला नाही तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील. लेखनप्रमाद असेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १५५. तेथे चिरीमिरी चालते, दिरंगाई चालते, पण दाद मागण्याचे दार कोठे आहे हे अडाण्यासही ठाऊक असते.

आता तीच साखळी सरकारी दप्तरात शिरू पाहत आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात जातीचे सुमारे ६५ हजार दाखले 'पॉलिगॉन' या साखळीवर नोंदवण्याचे काम २०२२ साली हाती घेण्यात आले. पॉलिगॉन ही इथेरियमच्या आधाराने, तीन भारतीय तरुणांनी २०१७ साली 'मॅटिक' या नावाने आरंभलेली रचना. बनावट दाखल्यावर आदिवासींच्या जागा बळकावणाऱ्यांस यामुळे आळा बसेल, अशी अपेक्षा त्यामागे आहे आणि ती रास्त आहे. दाखला दिल्यानंतर त्यात कोणी अक्षर फिरवले तर ठसा जुळणार नाही. परंतु दाखला देतेवेळीच नोंद खोटी असेल, तर साखळी त्या खोट्यालाही तितक्याच निष्ठेने जपेल.

आणि आमच्या भागात भांडण आहे ते पहिल्या नोंदीचेच. सप्टेंबर २०२३ मध्ये, मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी जुन्या नोंदी तपासण्यास, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्याच्या तहसिलींतून निजामकालीन कागद बाहेर निघू लागले. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या वृद्धांचा भाव अकस्मात वधारला. कुणाच्या पणजोबाच्या नावापुढे 'कुणबी' असे लिहिले आहे काय, याचा शोध फसली सालांच्या बाडांतून सुरू झाला. २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटिअरचा आधार मान्य केल्यावर तर तो शोध घरोघर पोहोचला. एका गावी कारकुनाने व्यवसाय लिहिला, शेजारच्या गावी दुसऱ्याने जात लिहिली, तिसऱ्याने रकानाच कोरा ठेवला. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या लेखणीच्या लहरीवर आज नातवंडांचे शिक्षण आणि नोकऱ्या अवलंबून आहेत. ती बाडे त्या काळी साखळीवर चढवली असती, तर कसर लागली नसती आणि पाने गहाळ झाली नसती, हे खरे. कोऱ्या रकान्याचे मात्र काहीच झाले नसते.

शिवाय २००० सालच्या कायद्यान्वये जात पडताळणी समिती दिलेला दाखला रद्द करू शकते. साखळीवरील ठसा पुसता येत नाही. म्हणून रद्द झालेल्या दाखल्यांची वेगळी नोंद ठेवणे आणि प्रत्येक पडताळणीच्या वेळी ती पाहणे ओघानेच आले. ती नोंद चढवण्याची किल्ली कोणाकडे असावी, ती चुकून चढल्यास जिंतूरच्या माणसाने परभणीत कोणत्या खिडकीपुढे अर्ज द्यावा, आणि तो किती दिवसांत निकालात निघावा, हे ठरवल्यावाचून पुढील तालुक्यांनी एटापल्लीचे अनुकरण करू नये, असे माझे मत आहे. इथेरियमच्या मंडळींना हा प्रश्न लुटीनंतर सुचला. आपल्यापाशी कलम १५५ चा अनुभव आधीपासून आहे.