कावळा शिवेपर्यंत

नाशिकला रामकुंडावर दहाव्याच्या दिवशी पिंड मांडून झाला, की मंडळी चार पावलं मागे सरतात आणि वर बघत उभी राहतात. कावळा लवकर शिवला नाही तर कुजबुज सुरू होते, काहीतरी मागे राहिलंय. मग घरचं कुणीतरी पुढे होतं, हात जोडून मोठ्याने शब्द देतं, ‘बहिणीचं शिक्षण आम्ही करू’, ‘आईला अंतर देणार नाही’. गेलेला मुलगा विशीतला, कॉलेजच्या संघातून खेळणारा असला, तर घरच्यांमागे सगळा संघ उभा असतो. कालपर्यंत धावणारा हा मुलगा का गेला, हे त्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं असतं. काय सांगावं, हा पेच मी दोन कल्पित माणसांच्या तोंडी घालतो. एक कीर्तनकार महाराज, दुसरे क्रीडाशिक्षक.

महाराज म्हणतात, “सर, आत्ता कारणं उकरू नका. आयुष्याची दोरी तेवढीच होती म्हणावं आणि त्या माउलीजवळ बसावं. तिला आधार हवाय, अहवाल नको.” सर म्हणतात, “आई तसं म्हणाली तर मी मान खाली घालीन, महाराज. पण शोकसभेत सामन्याचे आयोजकच ‘देवाची मर्जी’ म्हणू लागले, तर मला ते सांत्वन वाटत नाही.” मी सरांच्या बाजूने आहे. वाक्य एकच असलं तरी ते कुणाच्या तोंडी आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो. जिने लेक गमावला तिच्या तोंडी ती श्रद्धा आहे आणि ती हिरावून घ्यायचा कुणालाही अधिकार नाही. ज्यांच्यावर मैदानाची जबाबदारी होती, त्यांच्या तोंडी मात्र ती पळवाट होते.

फेब्रुवारी 2023मध्ये मुंबईत, मालाडला, महाविद्यालयीन कबड्डीच्या सामन्यात विशीतला एक खेळाडू मैदानावरच कोसळला आणि गेला. अशा बातमीनंतर दोन दिवस हळहळ होते, मग पुढची स्पर्धा लागते. पण हे मृत्यू सगळेच अगम्य नसतात. इटलीत 1982पासून स्पर्धात्मक खेळाडूंची हृदयतपासणी, ईसीजीसह, सक्तीची आहे. तिथल्या व्हेनेतो प्रांतात पुढच्या दोन दशकांत खेळाडूंचे आकस्मिक मृत्यू 89 टक्क्यांनी घटल्याचं 2006च्या अभ्यासात दिसलं. अशा सरसकट ईसीजीबद्दल डॉक्टरांमध्ये अजून मतभेद आहेत, हे खरं. तरीही जे एवढं कमी करता येतं, त्याला नुसतं विधिलिखित म्हणणं मला पटत नाही.

महाराज विचारतील, “म्हणजे श्रद्धेने गप्प बसायचं?” मुळीच नाही. नाशिकहून जवळच, त्र्यंबकेश्वरी, निवृत्तिनाथांची समाधी आहे. 1296मध्ये आळंदीला एकविसाव्या वर्षी ज्ञानदेवांनी समाधी घेतली, तेव्हा निवृत्तिनाथ त्यांचे थोरले भाऊही होते आणि गुरूही. नामदेवांच्या नावाने असलेल्या समाधीच्या अभंगांत हे गुरू शोकाने व्याकूळ झालेले दिसतात आणि भोवतीचे संतही रडतात. ती स्वेच्छेची समाधी होती, मैदानावरचा अपघात नव्हे, तेव्हा तुलना तेवढ्यापुरतीच. पण आत्मा अमर आहे हे ज्यांना शिकवावं लागत नव्हतं, तेही तिथे रडले, हे मला मोलाचं वाटतं. आपल्या परंपरेत श्रद्धा सगळ्यांना एकत्र रडायला जागा देते. शवविच्छेदनाचं काम तिच्यावर कुणी सोपवलेलं नाही.

श्रद्धा आणि उपचार यांचं वैरही नाही. 2 जानेवारी 2023 रोजी अमेरिकेत सिनसिनाटीच्या मैदानावर डमार हॅमलिन हा अमेरिकन फुटबॉल खेळणारा खेळाडू छातीवर आघात होऊन कोसळला. त्याचे सहकारी गुडघे टेकून प्रार्थना करत होते, तेव्हाच वैद्यकीय पथक त्याच्या छातीवर दाब देत होतं. तो वाचला, पुन्हा खेळला. त्या प्रार्थनेला मी कमी लेखत नाही. फक्त त्या वर्तुळाच्या मध्यभागी काम जाणणारी माणसं होती.

महाराजांचा खरा आक्षेप याहून खोल आहे. “चौकशी लावली की बोटं उठतात. ‘चल, आज खेळ’ म्हणणारा मित्र जन्मभर जळतो. त्याचं काय?” हे भय खरं आहे. पण कारण न कळल्यानेच तो जास्त जळतो. हृदयाचा स्नायू जन्मजात दोषामुळे जाड झाला होता, हे कळलं तर त्या मित्राच्या मनावरचं ओझं उतरू शकतं. शिवाय हा दोष बहुधा आनुवंशिक असतो, सख्ख्या भावंडांत तो असण्याची शक्यता साधारण निम्मी. पिंडासमोर जिच्या शिक्षणाचा शब्द दिला, त्या बहिणीची हृदयतपासणी ‘देवाची मर्जी’ म्हणून राहून गेली, तर तो शब्द कसला? काही वेळा शवविच्छेदनातही काही सापडत नाही. तिथे सरांचं बोलणं संपतं आणि महाराजांचं जवळ बसणंच उरतं, हे मी मान्य करतो.

कावळा आलाच नाही, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात आणि विधी पुरा करतात. शोकसभेत घाईने उच्चारलेलं ‘नियती’ मला त्या दर्भाच्या कावळ्यासारखं वाटतं. त्याआधी थोडं थांबावं, मागे काय राहिलंय ते विचारावं आणि संघानेही शब्द द्यावा. हृदय थांबल्यावर झटका देणारं यंत्र पोचायला लागणाऱ्या मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानापासून तालुक्याच्या शाळेपर्यंत जिथे सामने भरतात, तिथल्या आयोजकांनी पुढच्या सामन्याआधी ते यंत्र आणावं आणि छातीवर दाब द्यायला पोरांना शिकवावं.