भिंतीवरचा बारकोड

बस. आणि तो मोबाइल उलटा ठेव.

काल तुझ्या वालीवच्या गाळ्यात अर्धा तास उभा होतो. तू चहा मागवण्यात गुंग होतास. दाराजवळच्या भिंतीवर चिकटपट्टीनं एक बारकोड डकवलाय. माल आला की पोरगा खोक्यांकडे बघतही नाही; स्कॅनर भिंतीकडे धरतो आणि खटखट दहा वेळा दाबतो. झाले दहा खोके जमा! आत काय आलं, देवाला ठाऊक. आणि तू मला छाती काढून सांगतोस, ‘सर, सगळं ऑटोमॅटिक केलंय.’

पोरावर ओरडू नकोस. तो असं का करतो, विचारलंस कधी? मी विचारलं. निम्म्या खोक्यांवर लेबलच नसतं, आणि खाली टेम्पोवाला हॉर्न मारत असतो. एकाच बोल्टला खरेदीत एक नाव, गोदामात दुसरं, बिलात तिसरं. बारशाचा पत्ता नाही आणि निघालास पत्रिका छापायला! पडद्यावर चारशे नग, रॅकवर दीडशे. मग रात्री वही काढून मेळ घालतोस. गल्ल्याखाली दडवलेली ती लाल वहीही दिसली मला.

आणि वापीला पाठवलेल्या मालाचं काय झालं? मनोरला टेम्पो बंद पडला, माल दुसऱ्या गाडीत चढवला, ई-वे बिलावर नंबर जुन्याच गाडीचा. नवा नंबर टाकायला दोन मिनिटं लागतात. कराच्या दुप्पट दंड भरलास आणि खापर फोडलंस सॉफ्टवेअरवर. अरे, राज्याबाहेर जाणाऱ्या 50,000 रुपयांवरच्या मालाला 1 एप्रिल 2018 पासून हे बिल लागतं. गाडी बदलली तर फोन कुणाला करायचा, एवढं ड्रायव्हरला शिकवायला किती वर्षं हवीत? 2021 मध्ये सक्ती झाली तेव्हा फास्टॅग लावलास, तो तेवढा बिनचूक चालतो. त्यात तुझा हात नाही ना!

यंत्राआधी हिशेब डोक्यात लागतो. आगाशीकडून पहाटेच्या लोकलनं दादरला सोनचाफा नेणारी एखादी बाई गाठ आणि विचार, आज किती पुड्या निघाल्या, किती उरल्या. तोंडी हिशेब सांगेल.

ऊठ आता. आज रात्री शटर ओढ आणि वरच्या फळीपासून मोजायला लाग. एका वस्तूला एकच नाव. पोराला सोबत घे, त्याला तुझ्याहून जास्त माहीत आहे. मोजून झालं की ये, भिंतीवरचा तो कागद घेऊन. चहा तेव्हा पिऊ.