वाटेचा पुत्र

एका वाचक तरुणाचे पत्र बरेच दिवस माझ्यासमोर आहे. परीक्षा आटोपल्यावर महिनाभर एकट्याने देश पाहावा, असे त्याच्या मनात आहे. अब्बांचा नकार आहे आणि त्या नकाराला त्यांनी हदीसचा आधार दिला आहे. तरुण विचारतो : एकट्याने प्रवास करणे इस्लाममध्ये निषिद्ध आहे काय?

वाचकहो, या अब्बांना जुनाट ठरविण्याची घाई करू नका. इमाम बुखारी (रह.) यांच्या संग्रहात हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांची हदीस आहे. तिचा आशय असा की, एकटेपणातला धोका लोकांना कळला असता तर रात्री कोणीही एकटा प्रवासाला निघाला नसता. वाळवंटात एकटा माणूस आजारी पडला, तर त्याला पाणी पाजायला कोणी नसे. मरण पावला, तर जनाज्याची नमाज पढायलाही कोणी नसे. शेकडो उतारूंनी भरलेल्या आगगाडीला हे जसेच्या तसे लागू होत नाही, असे अनेक उलेमा म्हणतात. (मुलींच्या बाबतीत महरमचा प्रश्न येतो, त्यातील मतभेद या लेखात मावणारे नाहीत.) तेव्हा अब्बांच्या नकारामागे काळजी आहे आणि त्या काळजीला आधारही आहे.

मला खटकले ते पत्रातले पुढचे वाक्य. ‘कोणावाचूनही माझे अडत नाही, हे मला सिद्ध करायचे आहे,’ असे तो लिहितो.

‘सफर’ हा शब्द ज्या अरबी धातूपासून येतो, त्याचा अर्थ उघड करणे. प्रवास माणसाचा स्वभाव उघडा पाडतो म्हणून तो सफर, असे इमाम गज़ाली (रह.) यांनी ‘इह्या’मध्ये म्हटले आहे. एका माणसाने दुसऱ्याची खात्री दिली तेव्हा, ‘तू त्याच्याबरोबर प्रवास केला आहेस काय?’ असे हजरत उमर (रजि.) यांनी विचारले, ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. एकट्याच्या प्रवासात सोबती नसतो. तेथे जे उघडे पडते, ते आपल्यालाच पाहावे लागते.

बाविसाव्या वर्षी मी सोलापूरहून एकटा कोळिकोडला गेलो होतो. कुट्टिचिरा भागातील मिश्काल मशीद शोधत मी तिच्यावरूनच दोनदा पुढे गेलो. घुमट नाही, मिनार नाही. लाकडी मजले आणि उतरती कौले. मशीद म्हणजे काय, हे मी सोलापुरात ठरवून आलो होतो! आत पाहतो तर असरची जमात उभी. यांचे घड्याळ पुढे आहे, असे मला खुशाल वाटले. मलबारातील मुसलमान शाफई, त्यांच्याकडे असरची वेळ आम्हा हनफींच्या आधी सुरू होते, हे नंतर समजले. कोकणातल्या एखाद्या मुस्लिम शेजाऱ्यानेही मला हेच सांगितले असते. कोकणी मुसलमानही शाफईच. पण घरी असताना मी कधी विचारलेच नव्हते.

त्याच संध्याकाळी लक्षात आले की गर्दीत खिसा कापला गेला आहे. परतीचे तिकीट पिशवीत होते, पण गाडी दुसऱ्या दिवशी होती. रात्री एका खानावळीपुढून मी तीनदा गेलो. देणारा हात घेणाऱ्या हातापेक्षा श्रेष्ठ, ही हदीस मला पाठ होती आणि त्या रात्री तिचा आधार घेऊन मी माझा अहंकार सांभाळत होतो. शेवटी मालकानेच हाताने खूण करून बोलावले. तो हिंदू होता. त्याला हिंदी येत नव्हती, मला मल्याळम. कांजी आणि चण्याची उसळ त्याने पुढे ठेवली, सकाळी पुन्हा बोलावले आणि वाटेसाठी केळी बांधून दिली. पैसे पाठवण्यासाठी मी पत्ता मागितला. त्याला तो कळला नाही, की कळूनही त्याने तसे दाखवले, मला सांगता येणार नाही.

सूरह अत्-तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यात शेवटचा ‘इब्नुस्सबील’, म्हणजे शब्दशः वाटेचा पुत्र. घरी तो श्रीमंत असेल, तरी वाटेत निराधार झाला तर त्याला घेण्याचा हक्क आहे, असे फिक्हचे जाणकार सांगतात. हक्क! हा शब्द मी मदरशात शिकलो होतो. त्याचा अर्थ त्या खानावळीत कळला. आपल्या घराबाहेर पडून ज्याला मोठे व्हायचे आहे, त्याला आधी वाटेचे लेकरू व्हावे लागते.

वयाच्या एकविसाव्या वर्षी, १३२५ मध्ये, इब्न बतूता तँजियरहून एकटा निघाला. ट्यूनिसमध्ये सर्वांचे स्वागत झाले, त्याला मात्र कोणी सलामही केला नाही, तेव्हा तो रडला. एका सहप्रवाशाने येऊन त्याचे सांत्वन केले. पुढे याच कोळिकोडच्या किनाऱ्यावर वादळात त्याचे सामान गेले. हाती उरले अंथरूण आणि दहा दिनार. एवढा जग पाहिलेला माणूस, पण ते रडणे आणि ते दहा दिनार त्याने आपल्या वृत्तांतातून गाळले नाहीत.

त्या तरुणाला मी उत्तर पाठवले आहे. अब्बांसमोर नकाशा पसर, मार्ग त्यांच्याबरोबर ठरव, रात्रीचा मुक्काम त्यांना रोज कळव. आणि तरीही त्यांनी नाही म्हटले, तर एक वर्ष थांब. परत आल्यावर मला पत्र लिही. ताजमहाल कसा होता ते नको. कोणी कोणी तुला जेवू घातले, तेवढे लिही.