खरेदीखत लिहिणारा हात

टिकट तीन ओळींचं होतं. घरपोच सामान नेणाऱ्या मुलांपैकी कुणी लागोपाठ तीन ऑर्डर नाकारल्या, तर उरलेला दिवस त्याला कमी ऑर्डर द्यायच्या. त्याने त्या का नाकारल्या, पाऊस होता का, गाडी पंक्चर झाली होती का, हे विचारायची सोय त्यात नव्हती. मी कोड लिहिला. टीमच्या चॅटवर एक ओळ टाकली, 'हे जरा अन्यायाचं वाटतंय.' दोघांनी अंगठ्याची इमोजी दिली. स्प्रिंट संपत आला होता. मी कोड मर्ज केला आणि जेवायला गेलो.

काही महिन्यांनी मी जॉन वूलमनची रोजनिशी वाचायला घेतली, आणि पहिल्या काही पानांतच मला माझी ती चॅटवरची ओळ आठवली.

वूलमनचा जन्म १७२० सालचा. न्यू जर्सी तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. विशी ओलांडल्यावर तो माउंट हॉली या गावातल्या एका दुकानात कारकुनी करत होता. मालकाकडे एक कृष्णवर्णीय गुलाम स्त्री होती. ती त्याने विकली आणि वूलमनला खरेदीखत लिहायला सांगितलं. घेणारा समोर वाट बघत उभा होता. वूलमनला अस्वस्थ वाटलं. पण आपण वर्षाच्या कराराने कामाला आहोत, सांगणारा मालक आहे आणि घेणारा आपल्याच पंथातला एक वयस्कर माणूस आहे, ही तीन कारणं त्याच्या मनात आली. त्याने कागद लिहून दिला. मात्र त्या दोघांसमोर तो बोलला, की माणसाला गुलाम म्हणून ठेवणं मला ख्रिस्ती धर्माशी विसंगत वाटतं.

करार, मालक, आपलाच माणूस. नोकरी करणाऱ्या कुणालाही ही कारणं नवी नाहीत.

इथे एक गोष्ट आधीच सांगतो. डिलिव्हरी करणारा मुलगा गुलाम नाही. तो ॲप बंद करून घरी जाऊ शकतो. त्या स्त्रीला घर नव्हतं आणि तिची मुलंही जन्मतःच मालकाची झाली असती. मी तुलना करतोय ती कागद लिहिणाऱ्या दोघांची.

वूलमनचा पंथ क्वेकर. प्रत्येक माणसाच्या आत देवाचा प्रकाश असतो असं मानणारे हे लोक. त्यांच्या सभेत पुरोहित नसायचा, आणि श्रीमंतासमोर टोपी काढायलाही ते नकार द्यायचे. तरीही त्यांच्यातले अनेकजण गुलाम बाळगत. पेनसिल्व्हेनिया वसवणारा विल्यम पेनसुद्धा. कारण साधं होतं, व्यापार. फिलाडेल्फियातून पीठ आणि लाकूड वेस्ट इंडीजच्या बेटांवर जायचं. तिथे गुलामांनी पिकवलेल्या उसाची साखर आणि मळी परत यायची. मळीची रम व्हायची, आणि ऱ्होड आयलंडच्या जहाजांतून तीच रम आफ्रिकेत माणसं विकत घ्यायला जायची. चारशे वर्षांच्या या व्यापारात साधारण सव्वा कोटी माणसं आफ्रिकेतून जहाजांत कोंबली गेली. त्यातली अठरा लाखांच्या आसपास समुद्रातच मेली.

मग धर्म काय करत होता? व्हर्जिनियातली एक केस बघा. एलिझाबेथ की या स्त्रीचे वडील इंग्रज होते आणि आई आफ्रिकन. तिला गुलाम म्हणून ठेवलं होतं. ती कोर्टात गेली. माझे वडील इंग्रज आहेत, माझा बाप्तिस्मा झालाय आणि माझी ठरलेली चाकरी कधीच संपलीय, असं तिने मांडलं. १६५६ साली ती सुटली. पुढे १६६२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा केला, की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. १६६७ मध्ये आणखी एक, की बाप्तिस्म्याने गुलामी सुटत नाही. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर सिस्टिममधून माणूस सुटू शकतो हे दिसल्यावर दोन पॅच टाकून त्या फटी बुजवल्या. दुसऱ्या पॅचचा फायदा असाही होता, की आता गुलामांना निर्धास्तपणे ख्रिस्ती करता येईल. आत्मा मोकळा आणि शरीर मालकाचं, अशी ती सोय.

क्वेकरांत कुणाला हे खटकलंच नाही असं नाही. १६८८ मध्ये जर्मनटाउनच्या चौघांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला. स्थानिक सभेने तो वरच्या सभेकडे पाठवला, तिने त्याहून वरच्या सभेकडे. विषय फार मोठा आहे, आमच्या पातळीवरचा नाही, असं म्हणत तो वर वर सरकला आणि शेवटी बाजूला ठेवला गेला. एस्कलेशन हा प्रकार आपण शोधलेला नाही.

आता खरा प्रश्न. वूलमनने कागद लिहिला नसता तर ती स्त्री विकली गेली नसती का? गेली असती. दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता. मीही स्वतःला हेच सांगितलं होतं.

पण या युक्तिवादात एक खोट आहे. लिहिणारा हात ही गुलामगिरीच्या कडेची गोष्ट नव्हती. चाबूक शेतात चालायचा, पण माणूस वारसाहक्काने देता येतो, गहाण टाकता येतो, विकता येतो, हे सगळं कागदावर व्हायचं. लिहिणारे तयार होते म्हणूनच ते इतकं सुरळीत चालायचं. फुल्यांच्या लेखनात लेखणीच्या जोरावर शेतकऱ्याला नाडणारा कुलकर्णी वारंवार भेटतो, तो याच कारणाने. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिताना त्यांनी ते पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. धर्म आणि कागद यांची युती त्यांना पुण्यात बसून ओळखीची वाटली असणार.

दुसरा प्रश्न जास्त बोचरा आहे. वूलमन बोलला, हे पुरेसं होतं का? त्या वाक्याने त्या स्त्रीचं काहीच बदललं नाही. बदललं ते बोलणाऱ्याच्या मनावरचं ओझं, तेही थोडंसं. त्याने स्वतःच पुढे लिहिलंय, की हे काम माझ्याकडून होणार नाही असं सांगितलं असतं तर मन अधिक निर्मळ राहिलं असतं.

काही काळाने एका तरुणाने त्याच्याकडे तसाच कागद मागितला. या वेळी वूलमनने नकार दिला. तरुण म्हणाला, मलाही हे फारसं पटत नाही, पण ती बायकोला भेट म्हणून मिळालीय. पुढे एका जखमी शेजाऱ्याने मृत्युपत्र लिहायला सांगितलं. वूलमनने सगळं लिहिलं, फक्त गुलाम मुलगी वारसांना देण्याचा भाग सोडून. दोघं बोलले. शेवटी शेजारी तिला मुक्त करायला तयार झाला, आणि मगच मृत्युपत्र पूर्ण झालं. बोलून दाखवण्यात आणि नकार देण्यात हा फरक आहे. नुसतं बोललं की समोरचा मान डोलावतो. नकार दिला की त्याला थांबून कारण द्यावं लागतं, आणि कारण देताना कधीकधी ते किती पोकळ आहे हे त्याचं त्यालाच ऐकू येतं.

पुढे वूलमनने साखर सोडली, न रंगवलेले कपडे घातले. हे स्वतःपुरतं सोवळं होतं असं कुणी म्हणेल. पण गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी मुक्काम केला की तो तिथल्या गुलामांना कामाचे पैसे द्यायचा. यजमानाची पंचाईत व्हायची, कारण फुकट समजलेल्या श्रमाला कुणीतरी त्याच्याच घरात किंमत लावत होतं. १७७६ मध्ये, वूलमनच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेने सदस्यांना गुलाम बाळगायला बंदी केली. जर्मनटाउनच्या कागदाला तोवर ८८ वर्षं झाली होती.

एक गोष्ट मात्र मला अजून सलते. ज्या स्त्रीमुळे वूलमन बदलला, तिचं नाव त्याच्या रोजनिशीत नाही. त्याने आपली अस्वस्थता लिहिली, तिची नाही. सद्सद्विवेक जागा झालेला माणूससुद्धा गोष्ट स्वतःचीच सांगतो. मीही वर तेच केलंय. त्या नियमामुळे कुणाची किती कमाई बुडाली, हे मी कधी तपासलं नव्हतं, आणि डेटा माझ्याच समोर होता.

अलीकडे तोच नियम आणखी कडक करायचं टिकट आलं. मी आधी आकडे काढले. पावसाच्या दिवसांत शिक्षा होणाऱ्यांची संख्या दुपटीहून जास्त होती. ते मॅनेजरला दाखवलं आणि सांगितलं, नाकारण्याचं कारण विचारायची सोय होईपर्यंत हे मी करणार नाही. तो चिडला नाही, थकलेला दिसला. म्हणाला, 'मलाही पटत नाही रे, पण वरून आलंय.' टिकट दुसऱ्याकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी तो दुसरा माझ्या डेस्कपाशी आला. 'तू का नाही म्हणालास?' त्याने विचारलं. मी आकड्यांची फाइल उघडली आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली.