बांधीतल्या वेगळ्या लोंब्या

ता. नागभीड, जि. चंद्रपूर
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. सोनू हिस,


परवा रात्री साडेअकराला तुझा फोन वाजला तेव्हा मामी दचकून उठली. इतक्या रात्रीचा फोन म्हणजे तिला वाईटच बातमी वाटते. तू तासभर बोललीस आणि शेवटी विचारलंस, "मामा, आतून सारखं येतंय की नोकरी सोडावी आणि नाटकाच्या लाईटचंच काम करावं. पण हे आतून येणं खरं आहे की नुसता कंटाळा आलाय, हे ओळखायचं कसं?" मी "पाहू" म्हणून फोन ठेवला. तुला टाळलं नाही गं. उत्तर सुचायला मला दोन दिवस लागले, आणि ते सुचलं आज सकाळी धुऱ्यावर.

आपलं धान निसवलंय. या दिवसांत मी रोज सकाळी बांधीत जातो. नवख्या माणसाला सगळं एकसारखं हिरवं-पिवळं दिसतं. तीस-चाळीस वर्षं धानात घालवलेल्याला तसं दिसत नाही. चालता चालता पाय आपोआप थांबतो. का थांबला ते आधी कळत नाही. मग दिसतं की इथे चार लोंब्या वितभर उंच आहेत, किंवा दाण्याचा रंग जरा निराळा आहे. ही भेसळ. आपण ती उपटतो आणि धुऱ्यावर टाकून देतो. माझ्या वडिलांनी तेच केलं, मीही आज तेच केलं.

१९८३ साली आपल्याच तालुक्यातल्या नांदेड गावात (मराठवाड्यातलं नांदेड नव्हे, आपलं छोटं नांदेड) दादाजी रामाजी खोब्रागडे आपल्या बांधीत असेच चालत होते. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. पटेल-३ नावाचं धान लावलं होतं. त्यात त्यांना दोन-तीन पिवळसर लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या उपटून टाकल्या नाहीत. दाणे काढले, वाळवले, वेगळे बांधून ठेवले. पुढच्या हंगामात शेताच्या मधोमध एका तुकड्यात ते पेरले आणि रानडुकरांनी उकरू नये म्हणून भोवती काटे लावले.

धानाचं एक असतं, सोनू. त्याच्या फुलात परागीभवन बहुतेक स्वतःचं स्वतःतच होतं. त्यामुळे वेगळी निघालेली लोंबी वेगळी जपली तर तिचा गुण पुढच्या पिढ्यांत टिकू शकतो. पण टिकतो की नाही ते एका हंगामात कळत नाही. दरवर्षी पेरायचं, निसवल्यावर एकेक रोप पाहायचं, जे मूळ लोंबीसारखं नाही ते काढायचं, बियाणं वाढवायचं, पुन्हा पेरायचं. दादाजींनी हे वर्षानुवर्षं केलं. दाणा बारीक निघाला, भात चवीला चांगला झाला. गावातल्यांनी बियाणं नेलं, धान बाजारात गेलं. व्यापाऱ्याने नाव विचारलं तर नावच नव्हतं. त्या काळात एचएमटीची घड्याळं मनगटामनगटावर होती, म्हणून धानाला नाव पडलं एचएमटी. तू लहानपणी सुट्टीत यायचीस तेव्हा आजी जो बारीक तांदूळ शिजवायची, तो हाच. पुढे आणखी सात-आठ वाण त्यांनी त्याच पद्धतीने काढले. त्यातल्या एकाचं नाव डीआरके, त्यांच्याच नावाची आद्याक्षरं.

हे सगळं तुला सांगायचं कारण तुझ्या प्रश्नात आहे. दादाजींना त्या लोंब्या दिसल्या, याला लोक दैवी देणगी म्हणतात. मला तसं वाटत नाही. रोवणीपासून चुरण्यापर्यंत धान हातातून गेलेल्या माणसाचा डोळा तयार झालेला असतो. 'हे निराळं आहे' एवढं तो डोळा क्षणात सांगतो. कारण सांगायला त्याला वेळ लागतो. तुला आतून येतं म्हणतेस ते हेच असेल तर त्यावर विश्वास ठेव. पण आधी विचार, हा डोळा कशावर तयार झालाय?

शाळेतलं सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिसऱ्या रांगेतला एक पोरगा पाढे म्हणताना गप्प बसायचा, मी त्याला ओरडायचो. पंधराव्या वर्षी तसाच दुसरा एक पोरगा गप्प बसला, तर हजेरी संपायच्या आत मला कळलं की हा सकाळी जेवून आलेला नाही. मी काही अंतर्ज्ञानी झालो नव्हतो. मधल्या चौदा वर्षांत शेकडो चेहरे पाहिले होते, आणि माझा अंदाज बरोबर की चूक हे त्याच दिवशी मधल्या सुट्टीत कळत होतं. डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ. एकाचा अशा अंदाजांवर अविश्वास, दुसऱ्याचा विश्वास. दोघांनी २००९ मध्ये मिळून एक निबंध लिहिला आणि एका मुद्द्यावर एकमत केलं: जिथे कामाला काही नियम असतो, माणसाने ते पुष्कळ केलेलं असतं आणि चूक झाली तर लगेच समजते, तिथलाच आतला कौल भरवशाचा. शेअर बाजारात 'मला आतून वाटतं' म्हणणाऱ्याजवळ यातलं फारसं काही नसतं. म्हणून तुझ्या बाबांचा तसा एक 'आतला आवाज' मी दोन वर्षांपूर्वी मोडून काढला होता, आणि त्याचा त्यांना अजून राग आहे.

आता तुझं. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक स्पर्धेसाठी भरत नाट्य मंदिरात तू पहिल्यांदा लाईट केलेस, तेव्हापासून सहा-सात वर्षं झाली. शनिवार-रविवार, रात्रीच्या तालमी, ऑफिस करून. मागच्या दिवाळीत ओसरीवर बसून तू एक प्रसंग सांगितला होतास. म्हातारी दार लावून घेते आणि अंधार होतो. दिग्दर्शकाने सहा सेकंद सांगितले होते, तू प्रयोगात नऊ घेतलेस. तो विंगेतून तुझ्यावर डोळे वटारत होता. आणि त्या जादाच्या तीन सेकंदांत म्हातारीचा हात कडीवरून घसरताना लोकांना दिसला, कुणीतरी हुंदका दिला. दुसऱ्या प्रयोगापासून नऊच ठरले. "तुला कसं कळलं?" मी विचारलं. "कळलं नाही मामा, हातच खाली जाईना," तू म्हणालीस.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं, बोललो नाही इतकंच. ऑफिसचं सांगताना तू माणसांबद्दल सांगतेस: कोण वाईट वागलं, कुणाला बढती मिळाली. लाईटचं सांगताना तू सेकंदांबद्दल सांगतेस. कंटाळलेला माणूस कुठून पळायचं ते सांगतो, सेकंद मोजत बसत नाही. माझ्या मते तुझा कौल खरा आहे. हे मी आधीच स्पष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुला धाकधूक नको.

पण आतून येणारं सगळंच एक नसतं, हे मी माझ्यावरून सांगू शकतो. तुझ्या आईलाही ही गोष्ट पूर्ण माहीत नाही. मी तेवीस वर्षांचा होतो. शिक्षकाच्या नोकरीचा आदेश हातात यायचा होता. तेव्हा वडसा इथल्या एका नाटक कंपनीच्या मालकाने मला बोलावलं. झाडीपट्टीची नाटकं तू पाहिली आहेस. धान घरात आलं की दिवाळीनंतर मंडई सुरू होते, दिवसा शंकरपट आणि रात्री दहाला पडदा उघडला की पहाटेपर्यंत नाटक. मी त्यांच्याकडे दोन रात्री ऑर्गन वाजवला होता. दुसऱ्या रात्री नायिकेचा आवाज बसला होता; ती वरच्या पट्टीला जाणार नाही हे मला तिच्या श्वासावरून कळलं आणि तिने तोंड उघडायच्या आत मी दोन स्वर खाली उतरलो. तिने गाता गाता माझ्याकडे वळून पाहिलं. चाळीसहून जास्त वर्षं झाली, ते पाहणं मला अजून दिसतं. मालक म्हणाला, हा हंगाम आमच्याबरोबर राहा, चार महिन्यांचाच प्रश्न आहे. मी म्हणालो, "मन घेत नाही."

मन घेत होतं, सोनू. घेत नव्हती ती भीती, आणि तिला मी मनाचं नाव दिलं. ओळखायची खूण मला फार उशिरा कळली. भीती पुष्कळ बोलते: लोक काय म्हणतील, लग्न कसं जमेल, आदेश आला आणि मी गावात नसलो तर. तिची वाक्यं संपत नाहीत, आणि ती सगळी वाक्यं इतर लोकांबद्दल असतात. मी त्या रात्री दोन स्वर खाली उतरलो तेव्हा आत एक वाक्यसुद्धा नव्हतं. तुझा हात खाली जात नव्हता तेव्हाही नसणार.

मला शिक्षकी केल्याचं दुःख नाही, हेही लिहितो, नाहीतर तू चुकीचा अर्थ लावशील. शाळेत मी नाइलाजाने गेलो आणि काम करता करता ती मला प्रिय झाली. आवड कामातूनही उगवते. म्हणून ज्यांना आपली आवड अजून सापडलेली नाही त्यांना मी कधीही 'नोकरी सोडा आणि शोधा' असं सांगत नाही. तुझं तसं नाही. तुझी लोंबी तुला दिसलेली आहे. मला खंत आहे ती एकाच गोष्टीची: चार महिन्यांचा एक तुकडा पेरून पाहायची संधी होती, तीही मी घेतली नाही.

आता पैशाचं. ते तुझ्यापासून लपवलं तर मी मामा कसला. दादाजींचं धान विदर्भाबाहेर दुसऱ्या राज्यांतही गेलं, पण त्याच्या मागोमाग पैसा त्यांच्या घरी आला नाही. शेतकऱ्याने काढलेल्या वाणावर त्याचा हक्क मानणारा कायदा २००१ मध्ये झाला, तोवर एचएमटी सगळीकडे पोचलं होतं. २००५ मध्ये राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते पुरस्कार मिळाला, नाव झालं, वर्तमानपत्रांत फोटो आले. ३ जून २०१८ ला ते गेले, आणि शेवटची वर्षं आजारपणात आणि ओढाताणीत गेली. डोळा खरा होता, धानही खरं होतं, तरी असं झालं. मन लावून काम केलं की पैसा आपोआप येतो, असं तुला कुणी भाषणात सांगितलं तर त्याला आपल्या तालुक्यात घेऊन ये.

म्हणून मला वाटतं ते असं. दादाजींनी त्या लोंब्यांसाठी दीड एकरातलं उभं पीक मोडलं नव्हतं. मधोमध एक तुकडा राखला, काटे लावले. तूही मार्चपर्यंत नोकरी सोडू नकोस. साठलेली रजा आहे म्हणालीस, ती सगळी घे आणि एखाद्या व्यावसायिक नाटकाच्या दौऱ्यावर लाईटवाल्याच्या हाताखाली जा. मोबदला मिळो न मिळो. बसमधून रात्रभर प्रवास, पहाटे दोनला टेम्पोत स्पॉट चढवणं, केबल गुंडाळणं, गावोगावच्या थिएटरात वीज पुरेल का याची चिंता, हे सगळं कर. नऊ सेकंदांवर प्रेम करणं सोपं आहे. केबल गुंडाळतानाही उद्या पुन्हा यावंसं वाटलं तर समजून जा. त्या काळात वर्षभराच्या खर्चाचे पैसे बाजूला टाक. अर्धी रक्कम झाली आहे असं तू म्हणालीस, मग मार्च फार दूर नाही. आणि काम घेताना पैसे किती, कधी, कुणाकडून, हे कागदावर लिहून घ्यायची सवय आतापासून लाव. कला करणाऱ्याने पैशाचं बोलू नये असं ज्यांना वाटतं, तेच बहुतेक वेळा पैसे देणारे असतात. हे तुझे काटे.

मार्चमध्ये मात्र ठरव. 'अजून एक वर्ष' म्हणू नकोस. बियाणं फार वर्षं बांधून ठेवलं तर उगवत नाही, हे मी तुला वेगळं सांगायला नको.

आईला तू स्वतः सांग, माझ्याकडून कळवू नकोस. ती आधी रडेल, मग दोन दिवस बोलणार नाही, मग जेवायला काय करू विचारेल. तिला फक्त एवढंच दिसायला हवं की तू हिशेब केला आहेस. मी नंतर फोन करीन.

दिवाळीला येशील तेव्हा चार दिवस जास्त काढून ये. आपल्याकडच्या मंडईला वडशाहून कंपनी येतेय, त्यांच्या लाईटवाल्याशी मी बोलून ठेवलंय. तो म्हणाला, मुलीला माझ्याजवळ बसू द्या, पहाटेपर्यंत जागायची तयारी हवी. मी ऑर्गनवाल्याजवळ बसेन. स्वेटर आण, रात्री फार दव पडतं. मामी नव्या धानाचे पाच किलो तांदूळ तुझ्यासाठी राखून ठेवणार आहे. नवा तांदूळ असेल, पाणी नेहमीपेक्षा कमी घाल.

तुझा,
मामा