अर्धवट तपासणी

वसईतील वाडीचा भाजीपाला दादरच्या बाजारात पोहोचवून ज्याने संसार उभा केला, असा आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी गेल्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे आला. त्याला पेट्रोलवर चालणारा आपला जुना पिकअप विकायचा होता. भरली गाडी पूल चढू लागली की इंजिन तापे. सकाळी सुरू करताच ती काही वेळ मिसिंग करी. रेडिएटरमधले पाणी रोज कमी होई, पण जमिनीवर थेंब नसे.

गॅरेजमधल्या मेकॅनिकने थंड इंजिन सुरू करून प्लगच्या वायरी एकेक काढून पाहिल्या. चांगल्या सिलिंडरची वायर निघाली की इंजिन लंगडते. तिसऱ्याची काढली तरी फरक पडेना. त्याचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघाला. रेडिएटरचे झाकण आधीच, इंजिन थंड असतानाच, काढून ठेवले होते. पाण्यात बुडबुडे येऊ लागले. सिलिंडरमध्ये पाणी शिरत होते, हे उघड झाले. हेड गॅस्केट गेले असेल तर खर्च बेताचा. हेडलाच तडा असेल तर मोठा. ते हेड उतरवल्याशिवाय कळणार नव्हते. मालक म्हणाला, “राहू दे, खोलू नकोस.”

आणि आम्हांला विचारले, “फादर, खोललंच नाही, तर काय बिघडलंय हे मला ठाऊक नाही. गिऱ्हाइकाला तसं सांगितलं तर ते खोटं कसं?”

शब्दशः ते खोटे नव्हतेच. सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस शिकलो. तेराव्या शतकातील या धर्मपंडिताने विक्रीतील दोषांची चर्चा ‘सुम्मा’मध्ये घोड्याचे उदाहरण घेऊन केली आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते कोणालाही दिसते. किंमत त्या मानाने कमी केली की विक्रेत्याने ते बोलून दाखवलेच पाहिजे असे नाही. पण लंगडा घोडा वेगवान म्हणून विकला, तर तो दोष लपवलेला ठरतो. पिकअपचा गंजलेला हौदा हा एकाक्ष घोडा. तिसऱ्या सिलिंडरमधले पाणी हा लंगडा. अज्ञानाविषयीही ते निक्षून सांगतात की, मोकळे राहता यावे म्हणून जे माणूस स्वतःच राखतो, ते अज्ञान त्याचा दोष हलका करीत नाही.

हे अज्ञान फक्त गॅरेजमध्ये राखले जाते असे नाही. घरभेटीला गेल्यावर सुनेचे गप्प बसणे आमच्याही लक्षात येते. आम्ही मुलांच्या परीक्षेची चौकशी करतो, प्रार्थना म्हणतो आणि उठतो.

तो म्हणाला, “घेणाराही लहान मूल नाही. त्यानं आपला मेकॅनिक आणावा.” या म्हणण्यात वजन होते, आणि आम्ही ते मान्य केले. पण मग कळले की, गिऱ्हाईक यायच्या आधी तो गाडी अर्धा तास फिरवून आणतो. तापल्या इंजिनात मिसिंग ऐकू येत नाही. ज्याने तपासून घ्यावे असे आपण म्हणतो, त्याची तपासणी आपणच आधी निष्फळ करून ठेवायची, हे आम्हांला अज्ञानाहूनही जड वाटले.

“मग काय करू?”

“तो येईल तेव्हा गाडी थंड असू दे. मेकॅनिकनं जे पाहिलं ते सांग.”

“किंमत पडेल, फादर.”

“पडेल.”

तो बराच वेळ बसला. घेणारा मुलगा पतपेढीचे कर्ज काढून गाडी घेत होता, हे त्याने निघताना दारात सांगितले.