पुतळीवरील संत



एका खेडेगांवच्या मंडळींत सेवा करणाऱ्या प्रचारक बंधूंनीं आम्हांस एक प्रश्न विचारिला आहे. त्यांच्या मंडळींतील एका घरीं जुन्या पेटींत सोन्याची एक पुतळी निघाली. एका जाणत्या पाहुण्यानें ती पाहून सांगितलें कीं, हिच्यावर जी उभी आकृति आहे ती शुभवर्तमानकार मार्काची होय. तेव्हांपासून त्या घरांत तीन मतें झालीं आहेत. वृद्ध आई म्हणते, ही पवित्र वस्तु आहे. आणि नातवास ताप आला म्हणजे ती पुतळी पाण्यांत बुडवून तें पाणी त्यास पाजिते. थोरला मुलगा म्हणतो, ही मूर्ति आहे. वाडवडिलांनीं ज्या मूर्ति टाकिल्या त्या पुन्हा घरांत कशाला? सोनाराकडे नेऊन आटवून टाका. धाकटा मुलगा शाळामास्तर आहे. तो म्हणतो, हिला जपून ठेवूं व संतांच्या छापांचीं अशीं आणखी नाणीं मिळवून संग्रह करूं. ह्यावरून दोघे भाऊ आतां उपासनेस एका बांकावर बसत नाहींत. प्रचारक विचारितात, तिघांपैकीं कोणाचें खरें?

प्रश्न एका घरचा असला तरी उत्तर पुष्कळांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून आम्ही तें येथें देत आहों.

प्रथम तें नाणें काय आहे हें पाहूं. पुतळ्यांची माळ आपल्या देशांतील बायकांच्या गळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या शोभत आली आहे. परंतु पुतळी हें मूळचें ह्या देशाचें नाणें नव्हे. इटली देशांत व्हेनिस नांवाचें समुद्रांत वसलेलें व्यापारी नगर आहे. तेथें इ. स. १२८४ मध्यें सोन्याचें नाणें पाडण्याचा ठराव झाला. तें नाणें ड्युकट ह्या नांवानें प्रसिद्ध झालें. त्याचें वजन सुमारें साडेतीन ग्रॅम, आणि सोनें जवळजवळ शंभर नंबरी. एका बाजूस मार्क उभा राहून नगराच्या अधिपतीच्या हातीं निशाण देत आहे, व तो अधिपति गुडघे टेकून तें घेत आहे. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या मधोमध प्रभु येशू ख्रिस्त आशीर्वाद देत उभा आहे. आणि भोंवतीं लॅटिन भाषेंतील अक्षरें आहेत, त्यांचा आशय असा कीं, हें राज्य ज्याच्या सत्तेखालीं आहे त्या ख्रिस्तालाच तें अर्पण असो. इ. स. १७९७ मध्यें व्हेनिसचें राज्य लयास गेलें, तोंपर्यंत पांचशें वर्षें हें चित्र फारसें बदललें नाहीं. मिरीं, मसाले व कापड ह्यांच्या मोबदल्यांत हें सोनें मिसर देश व तांबडा समुद्र ह्यांच्या वाटेनें आपल्या पश्चिम किनाऱ्यास येत असे. त्यावरील मनुष्याकृति पाहून आपल्या लोकांनीं त्यास पुतळी म्हटलें. कृष्णाजी अनंत सभासद ह्यांच्या बखरींत शिवछत्रपतींच्या कोषांतील नाण्यांची यादी आहे, तींतही पुतळीचें नांव येतें.

असे संतांचे छाप इतर नाण्यांवरही आढळतात. फ्लॉरेन्स नगराच्या १२५२ सालच्या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूस कमळासारखें फूल व दुसऱ्या बाजूस बाप्तिस्मा करणारा योहान आहे. आपल्या शेजारीं गोव्यांत पोर्तुगीज लोकांनीं सोळाव्या शतकांत सोन्याचें नाणें पाडिलें, त्यावर प्रेषित थोमा होता. कारण तो हिंदुस्थानांत आला अशी जुनी परंपरा आहे. चांदीच्या नाण्यावर त्यांनीं बाणांनीं विंधिलेला रक्तसाक्षी सेबास्तियान कोरिला.

आतां वृद्ध आईच्या मताचा विचार करूं. बाई, तुमच्या मनांत नातवाविषयीं माया आहे हें आम्ही जाणतों. पण हा संत कोण होता तें शास्त्रांतच पाहा. मार्क पौलाबरोबर सेवेस निघाला, आणि पंफुल्यांतील पिर्गा येथून अर्ध्या वाटेवरूनच परत फिरला. पौलास ह्याचें इतकें वाईट वाटलें कीं, पुढल्या फेरीस त्यानें त्यास बरोबर घेतलें नाहीं. मग वृद्धपणीं बंदींत असतां त्याच पौलानें तीमथ्यास लिहिलें कीं, मार्काला घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे. थोमाचेंही तसेंच, जखमांत बोट घातल्यावांचून विश्वास ठेवणार नाहीं असें तो म्हणाला. नाण्यावर हे दोघे सोन्याचे दिसतात. शास्त्रांत ते आपल्यासारखे मातीचे दिसतात. ज्यानें त्यांस उचलून उभें केलें त्याची ती थोरवी. मार्काच्या सोन्यांत बरें करण्याचें सामर्थ्य नाहीं. मार्कानें ज्याचें शुभवर्तमान लिहिलें त्याच्यांत आहे.

हा भ्रम केवळ खेड्यांतील अडाण्यांचा, असें मात्र कोणी समजूं नये. इंग्लंडांत इ. स. १४६५ पासून एंजल नांवाचें सोन्याचें नाणें चाले. त्यावर संत मीखाएल अजगरास मारीत आहे असें चित्र होतें. गंडमाळेच्या रोग्यास राजानें स्पर्श करावा व तें नाणें त्याच्या गळ्यांत बांधावें, म्हणजे रोग जातो, अशी समजूत होती. पुढें नाण्याच्या जागीं त्याच चित्राचें पदक देऊं लागले. इ. स. १७१२ मध्यें अॅन राणीनें एका लहान मुलास असा स्पर्श केला व पदक दिलें. तो मुलगा पुढें मोठा कोशकार सॅम्युएल जॉन्सन झाला. परंतु त्या पदकानें रोग गेला नाहीं. त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली, आणि व्रणांच्या खुणा जन्मभर राहिल्या. म्हणून बाई, मुलास ताप आला असतां प्रार्थना करा आणि दवाखान्यांत न्या. पुतळीच्या पाण्यावर विसंबून एक रात्र दवडली, तर तिची भरपाई कशानेंही होणार नाहीं.

आतां थोरल्या बंधूंस दोन शब्द. मूर्तीविषयीं तुमचा आवेश चांगला आहे. हिज्कीया राजानें मोशेचा पितळी साप फोडून टाकिला, हें तुमच्या ध्यानांत असेल. पण तो कां फोडिला? लोक त्यापुढें धूप जाळूं लागले म्हणून. त्यापूर्वीं तो शेंकडों वर्षें होता, आणि तो होता एवढ्यानें कोणी पापी ठरला नाहीं. आपल्या प्रभूपुढें परूश्यांच्या शिष्यांनीं नाणें आणिलें, त्यावर विदेशी कैसराचा मुखवटा होता. प्रभूनें तें झिडकारून फेंकिलें नाहीं. तें दाखवावयास सांगितलें, छाप व लेख कोणाचा तें विचारिलें, आणि त्यावरूनच धडा शिकविला. तेव्हां घरांत कोणी त्या पुतळीस नमस्कार करीत असेल किंवा तिचें तीर्थ करीत असेल, तर ती त्यांच्या दृष्टीआड ठेवा. पण आटवून काय साधेल? मूर्ति जाईल, आणि तिच्या जागीं चार पैशांचा लोभ व भावाविषयींचा राग हे दोन नवे देव घरांत येतील.

धाकट्या बंधूंस आमचें सांगणें असें. जुनीं नाणीं गोळा करणें ह्यांत पाप नाहीं. मागील पिढ्यांनीं काय मानिलें व कसा व्यापार केला हें त्यांवरून कळतें, आणि शाळेंतील मुलांस हातांत घेऊन पाहतां येईल असा इतिहास मिळतो. पण तीन गोष्टी पाळा. पहिली, नाणें चिंच, राख किंवा वाळू लावून घांसूं नका. घांसल्यानें चकाकी येते आणि छाप झिजतो. तें कोठें व कोणाकडून मिळालें तें कागदावर लिहून सोबत ठेवा. दुसरी, नांगरतांना किंवा पाया खणतांना पुरलेलें धन सांपडलें, तर तें लपवूं नका. १८७८ सालच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांवरील किंमतीच्या अशा धनाची वर्दी कलेक्टरास द्यावी लागते. प्रभूच्या दाखल्यांतील मनुष्यानें शेतांत ठेव सांपडल्यावर आपलें सर्व विकून आधीं तें शेत विकत घेतलें, हें विसरूं नका. तिसरी, संग्रहाच्या नादीं लागून घरांतलें धान्य व मुलांच्या फीचे पैसे खर्चूं नका. संतांच्या छापांची पेटी भरली आणि शेजारची विधवा उपाशी राहिली, तर त्या पेटींतला एकही संत आपल्या बाजूनें बोलणार नाहीं.

बंधुजनहो, येथवर त्या एका घरच्या तिघांशीं बोललों. आतां सर्वांशीं बोलतों. नाण्यावर कोणाचा छाप आहे एवढ्यावरून त्याचा कस ठरत नाहीं. लिन्स्कोटेन नांवाचा डच गृहस्थ इ. स. १५८३ पासून १५८८ पर्यंत गोव्यांत राहिला. त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, सेबास्तियानाच्या छापाचें तें चांदीचें नाणें बाजारांत सर्वत्र चाले, पण त्याची चांदी फार हिणकस होती. वर रक्तसाक्षी, आंत भेसळ! त्याहीपूर्वींची गोष्ट पाहा. इ. स. ६८५ मध्यें कॉन्स्टांटिनोपलच्या गादीवर दुसरा जस्टिनियन बसला. त्यानें आपल्या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूस ख्रिस्ताचा मुखवटा कोरविला आणि दुसऱ्या बाजूस स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणविलें. पण राज्य त्यानें असें क्रूरपणें केलें कीं, दहा वर्षांत लोकांनीं त्याचें नाक कापून त्यास हांकून दिलें. नाण्यावर ख्रिस्त होता. राजाच्या हृदयावर तो छाप उमटला नव्हता.

आपलीही कसोटी हीच. आपलीं नांवें शास्त्रांतलीं आहेत, मंडळीच्या वहींत आपली नोंद आहे. पण बाजारांत माप घालतांना, मजुराचा पगार देतांना, कोर्टांत साक्ष देतांना धातु कोणता निघतो?

आणखी एक गोष्ट सांगून पुरें करितों. व्हेनिसच्या नाण्यास फार मागणी असल्यामुळें आपल्या देशांतील सोनारांनीं तिच्या नकला केल्या. आज ज्या जुन्या पुतळ्या दिसतात त्यांत अशा नकलाही पुष्कळ आहेत. त्या कशा ओळखाव्या? नकलेवर दोन आकृति असतात, मधला दांडा असतो, तारेही असतात. पण अक्षरें पाहिलीं तर तीं अक्षरें नव्हेत, नुसत्या रेघा! कारण नक्कल करणाऱ्यास लॅटिन वाचतां येत नव्हतें. त्यानें एका नकलेवरून दुसरी केली, दुसरीवरून तिसरी. चित्र उरलें आणि शब्द नाहींसा झाला. शब्द गेल्यावर चित्राचा अर्थही फिरला. दक्षिणेंत लोकांस तो निशाणाचा दांडा ताडाचें झाड वाटला, मार्क व अधिपति हे ताडी काढणारे वाटले, आणि त्यांच्यावरूनच त्या नाण्यास तिकडे नांव पडलें. शुभवर्तमान लिहिणाऱ्याचा लोकांनीं ताडी काढणारा केला, आणि कोणाला त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं!

प्रचारक बंधूंनो, हेंच आम्हांस रात्रीं झोंप येऊं देत नाहीं. आपल्या आजोबांनीं ख्रिस्तास ओळखून, शेजाऱ्यांचा छळ सोसून, विहिरीवरचें पाणी गमावून विश्वास धरिला. मुलांनीं आजोबांची नक्कल केली, नातवांनीं मुलांची. नाताळचे नवे कपडे राहिले, लग्नांतलीं गीतें राहिलीं, भिंतीवरचें चित्र राहिलें. पण घरांत शास्त्र उघडून वाचणारा कोणी उरला आहे काय? जेथें शब्द गेला तेथें आकृति फार दिवस राहते, आणि तीच धोक्याची गोष्ट होय. कारण दुरून पाहणाऱ्यास तें नाणें खरेंच वाटतें.

मग उपाय काय? झिजलेल्या नकलेवरून पुन्हा नक्कल करूं नये. मूळ ठशाकडे जावें. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभीं पुत्र हा देवाच्या तत्त्वाचें प्रतिरूप आहे असें शिकविलें आहे. तेथें मूळ ग्रीक भाषेंत जो शब्द आहे, तो ठशानें उमटविलेल्या छापासाठींच वापरीत असत. देवानें मनुष्यास आपल्या प्रतिमेचें केलें. पापानें तो छाप बुजला. आणि पुत्राच्या ठायीं तो छाप मुळांत होता तसा आपल्यासमोर आहे. आजीचा विश्वास सुंदर होता, मार्काचा त्याहून सुंदर होता. पण आपणांस मार्कासारखें व्हावयाचें नाहीं, मार्क ज्याच्यासारखा झाला त्याच्यासारखें व्हावयाचें आहे. धातु तापल्यावांचून व घाव बसल्यावांचून छाप उमटत नाहीं. म्हणून दुःखांत असलेल्यांनीं धीर सोडूं नये.

तर त्या घरीं आमचा निरोप असा सांगावा. पुतळी आटवूं नये व तिचें पाणी कोणास पाजूं नये. धाकट्यानें ती एका डबींत कागदासह ठेवावी. वर्षांतून एकदां थोरल्यानें ती बाहेर काढून, वाटेवरून परत फिरलेल्या आणि पुन्हा सेवेस लागलेल्या मार्काची गोष्ट मुलांस सांगावी; मग डबी बंद करून मार्काचें पुस्तक उघडावें. आणि येत्या रविवारीं दोघां भावांनीं एका बांकावर बसावें. लूकाच्या पंधराव्या अध्यायांतील स्त्रीनें एका हरवलेल्या नाण्यासाठीं दिवा लावून सारें घर झाडिलें. ज्या देवाला हरवलेलें माणूस इतकें मोलाचें वाटतें, त्याच्या घरांत एका पुतळीसाठीं भाऊ हरवूं नये.

प्रभु आपल्या पुत्राचा छाप तुम्हां आम्हां सर्वांच्या अंतःकरणांवर नवा व स्पष्ट उमटवो. आमेन.